शब्दचर्चा: 'ब्रदर्स इन आर्म्स'ला घरगुती मराठीत काय म्हणाल?

रानभोपळा

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर मी डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचं 'ब्रदर्स इन आर्म्स' लावलं होतं. वडील शेजारी सुपारी कातरत बसले होते. इंग्रजी गाण्यांच्या वाटेला ते जात नाहीत. पण या गाण्याच्या सुरुवातीला लांबवर ढग गडगडतात, मग गिटार येते ती अगदी दबकत. अडकित्ता थांबला. "काय म्हणतोय तो?"

म्हटलं, लढाईत पडलेला शिपाई आहे, शेवटच्या घटका मोजतोय, आणि सोबतच्यांशी बोलतोय.

"सोबतचे म्हणजे कोण? गाववाले, पलटणीतले, का सेक्शनमधले?"

इथे माझं घोडं अडलं. वडील पलटणीत होते, ७१ला सीमेवर होते, त्यांना नुसतं 'सोबतचे' पुरेना. मी आपलं 'शस्त्रबंधू' म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी संगीत नाटकात भालदाराचं काम करतोय. मग 'सैनिकमित्र' म्हणालो. "ते निधी गोळा करणारे असतात," म्हणाले आणि परत सुपारी कातरायला लागले.

तर मंडळी, शब्द सुचवा. अट एकच: जेवणानंतर ओट्यावर बसून बोलता आला पाहिजे.

चिमटा

आधी 'आर्म्स'चा निकाल लावू. याचं 'बाहूंमधले बंधू' असं भाषांतर मी स्वतःच्या डोळ्यांनी छापलेलं पाहिलंय, म्हणून सांगतो. हा आर्म म्हणजे हात नव्हे. हा लॅटिन 'आर्मा', म्हणजे हत्यारं. हाताचा 'आर्म' इंग्रजीत जर्मन घराण्याकडून आला. फार मागे गेलं तर दोघांची आजी एकच असावी असं व्युत्पत्तीवाले म्हणतात, पण आज ते सख्खे नाहीत.

आणि 'इन आर्म्स' म्हणजे हत्यार उचललेल्या अवस्थेत. शब्दशः घेतलं तर 'हत्यारबंद भाऊ'. मुंबईत याचा काय अर्थ होईल ते सांगायला नको. 'भाई' म्हणा की संपलं.

ढणढण

रा.भो., या शब्दांचा गाण्यात शिरण्याचा किस्सा ऐका, शब्द शोधायला उपयोग होईल.

गाणं सुचलं ते फॉकलंडच्या लढाईच्या वेळी. २ एप्रिल १९८२ला अर्जेंटिनाने बेटं घेतली आणि १४ जूनला ब्रिटनने परत घेतली. ७४ दिवसांत अर्जेंटिनाची ६४९ माणसं आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले. हे गाणं लिहिणारा आणि गाणारा मार्क नॉफ्लर, त्याचे वडील हंगेरीहून आलेले ज्यू, पेशाने वास्तुविशारद, विचाराने डावे, फॅसिस्टांमुळे देश सोडावा लागलेला माणूस. लढाईच्या बातम्या ऐकताना ते मुलाला म्हणाले की, गंमत बघ, रशियावाले अर्जेंटिनाच्या लष्करशहांचे 'ब्रदर्स इन आर्म्स' झालेत. १९८०मध्ये अमेरिकेने रशियाला धान्य विकायचं थांबवलं तेव्हा अर्जेंटिनाने ते विकलं होतं, त्यामुळे कम्युनिस्ट सरकार आणि कम्युनिस्टांना गायब करणारे सेनापती यांचं चांगलं जमलेलं. म्हातारबांनी तो शब्द टोमणा म्हणून वापरला होता!

म्हणजे मूळ वाक्याचं मराठी करायचं तर 'एकाच माळेचे मणी'. पोराने तो टोमणा उचलला, त्यातला डंख काढला आणि धुक्यातल्या डोंगरावर मरत पडलेल्या शिपायाच्या तोंडी दिला. नॉफ्लर इंग्रजी साहित्याचा पदवीधर, त्याआधी लीड्सला वर्तमानपत्रात वार्ताहर. शब्द कानावर पडला की खिशात टाकायची सवय तिथलीच असणार, असा माझा कयास.

वाकळ

वा, ढणढण! टोमण्याचा विलाप झाला हे माहीत नव्हतं.

मी एक जुना दागिना काढून दाखवते, घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायात 'सहे च' असं टीचभर सूत्र आहे. त्यातून 'सहयुध्वन्' हा शब्द सिद्ध होतो, प्रथमेत 'सहयुध्वा'. अर्थ, बरोबरीने लढलेला. 'लढलेला', 'लढणारा' नव्हे, इकडे लक्ष द्या. हे सूत्र भूतकाळाच्या अधिकारात येतं. म्हणजे लढाई चालू असताना कोणी कोणाचा सहयुध्वा नसतो. ती संपल्यावर, जे झालं ते झाल्यावर, मागे वळून पाहताना तो शब्द लागू होतो.

माझ्या माहितीत दुसऱ्या कोणत्या भाषेत या नात्याच्या शब्दात काळ असा शिवून टाकलेला नाही. 'शस्त्रबंधू', 'रणमित्र', 'समरसखा' हे सगळे मात्र अलीकडच्या कारखान्यातले.

रानभोपळा

वाकळताई, शब्द जबरदस्त आहे. पण वडिलांना 'सहयुध्वा' म्हटलं तर ते विचारतील, कोणत्या आजारावर घ्यायचा?

वाकळ

हाहा, कबूल. फ्रेममध्ये ठेवा.

गिरणगावकर

'कॉम्रेड'चा विचार कोणी केला नाही का? आपल्याकडे तो लाल बावट्याला चिकटला म्हणून सैन्याशी संबंध तुटला, पण इंग्रजीत 'कॉम्रेड्स इन आर्म्स' सर्रास म्हणतात. मूळ स्पॅनिश 'कामारादा', त्यात 'कामारा' म्हणजे खोली. एका खोलीत राहणारे ते कामारादा. शिपायांना एका खोलीत कोंबायचे, त्यातून ते नातं आणि तो शब्द.

आता मला सांगा, याला मराठीत शब्द नाही? आमच्या आजोबांच्या वेळी लालबाग-परळात गावकीच्या खोल्या होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. रात्रपाळीचा येऊन पसरला की दिवसपाळीचा उठून गेलेला असायचा. प्रत्येकाची ट्रंक आणि भिंतीतली खुंटी तेवढी ठरलेली. या लोकांना एकमेकांचे 'खोलीवाले' म्हणत. गावाकडे मयत झालं तर पैसे खोलीवाले काढायचे, गिरणीत पट्ट्यात हात गेला तर इस्पितळात खोलीवालेच. सख्खे भाऊ मागाहून यष्टीने पोचायचे. 'खोलीवाला' हा 'कॉम्रेड'चा अगदी अक्षरशः मराठी अवतार आहे, फक्त कोणी तसा पाहिला नाही.

चिमटा

गिरणगावकर, +१. त्याच चालीवर 'कंपनी' घ्या. 'कोम' म्हणजे सह, 'पानिस' म्हणजे पाव. एकत्र भाकर मोडणारे ते 'कंपॅनियन', आणि त्यांची ती कंपनी. सैन्यातली तुकडीसुद्धा त्यातूनच. ईस्ट इंडिया कंपनीने भाकर कोणाची मोडली तो वेगळा धागा.

'प्लटून' तर आणखी मजेशीर. फ्रेंच 'पलोतों' म्हणजे लहानसा गोळा, सुताचा गुंडा. आपली 'पलटण' मात्र 'बटालियन'चा अपभ्रंश मानतात, जरी कानाला प्लटूनची सख्खी बहीण वाटत असली तरी.

म्हणजे खोली, भाकर, गुंडा. भाऊ कुठेच नाही. भाऊ आणले ते राजांनी आणि कवींनी.

वाकळ

शेक्सपियरचा पाचवा हेन्री ना? अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईआधी आपल्या मूठभर लोकांना भाऊ म्हणतो तो. पण ते नाटकातलं झालं. त्या लढाईनंतर सहाच वर्षांनी, १४२१मध्ये, फ्रान्समधल्या हार्फ्लरच्या चर्चमध्ये निकोलस मॉलिन्यू आणि जॉन विंटर नावाच्या दोन इंग्रज योद्ध्यांनी 'ब्रदर्स इन आर्म्स' होण्याचा चक्क लेखी करार केला. एक शत्रूच्या हाती सापडला तर दुसऱ्याने खंडणी भरून सोडवायचा. लढाईत मिळालेला पैसा लंडनला धाडायचा, तिथे एका चर्चमधल्या पेटीत ठेवायचा, पेटीला दोन किल्ल्या, प्रत्येकाकडे एक. एक मेला तर मागे राहिलेल्याला वाटा.

म्हणजे ही चक्क भागीदारी होती. 'ब्रदर्स इन आर्म्स'चा जुना अर्थ हृदयाला हात घालणारा वगैरे नव्हता, हिशेबाचा होता. मला तो जास्त आवडतो, का कोण जाणे. दोन किल्ल्यांच्या पेटीत भरवसाही आला आणि अविश्वासही.

चिमटा

मग आपल्याकडचा 'पगडीभाऊ' आठवा! दोघांनी पगड्या बदलल्या की भाऊ झाले. १७५४मध्ये मराठ्यांनी कुम्हेरच्या किल्ल्याला वेढा घातला होता, तेव्हा सूरजमल जाटाच्या राणीने नवऱ्याची पगडी जयाप्पा शिंद्यांकडे पाठवली आणि त्यांनी आपली तिकडे धाडली, असं सांगतात. शत्रूच्या छावणीत भाऊ करून ठेवला. हार्फ्लरच्या करारासारखाच हाही अर्धा जिव्हाळा, अर्धं राजकारण. आज मात्र पगडीभाऊ म्हटलं की सत्कारसमारंभ डोळ्यांपुढे येतो.

शिवाय मराठीत 'भाऊ'चा एक घोळ आहेच. 'भाऊबंद' म्हणजे गोतावळा, पण त्याला 'की' लावा: भाऊबंदकी! बांध कोरण्यापासून कोर्टापर्यंतचं सगळं त्या एका अक्षरात. इंग्रजीत 'ब्रदरहुड' म्हणजे प्रेम, मराठीत भाऊपणाचं भाववाचक नाम केलं की दिवाणी दावा. ज्या भाषेने असा शब्द घडवला तिला 'शस्त्रातले भाऊ' म्हटल्यावर पहिल्यांदा हेच वाटणार की दोघं एकमेकांवर शस्त्रं उगारून आहेत.

ढणढण

चिमटा, हे भारी होतं.

'ब्रदर'चा आणखी एक नमुना. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए', १९८४चं. म्हणजे नॉफ्लरचं गाणं बाहेर येण्याच्या एकच वर्ष आधी. व्हिएतनामहून परतलेला माणूस बोलतोय. मधेच तो सांगतो की त्याचा एक भाऊ खे सान्हच्या लढाईत होता, आता तो नाही, आणि सायगावातल्या एका बाईसोबतचा त्याचा फोटो मागे उरलाय. आता हा 'ब्रदर' आईच्या पोटचा, की पलटणीतला? गाणं सांगत नाही. इंग्रजी ऐकणाऱ्याला दोन्ही चालून जातं, शब्द दोन्ही अंगांनी उघडा राहतो. मराठीत आणताना तुम्हाला एक दार लावावंच लागतं. 'माझा भाऊ' म्हटलं की सख्खा. 'भावासारखा' म्हटलं की सख्खा नव्हे. तो 'सारखा' सगळं मातीत घालतो.

स्प्रिंगस्टीन स्वतः व्हिएतनामला गेला नाही, पण त्याच्या पहिल्या बँडचा ढोल वाजवणारा पोरगा १९६७मध्ये तिथे मारला गेला. पुढे १९८१मध्ये त्याने लॉस एंजेलिसला व्हिएतनामच्या माजी सैनिकांच्या संघटनेसाठी कार्यक्रम केला, तेव्हा ती संघटना जवळपास मोडायला आली होती. नॉफ्लरनेही २००७मध्ये, फॉकलंडला २५ वर्षं झाली तेव्हा, हे गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, मानसिक जखमा घेऊन परतलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी. ब्रिटिश सैनिकांच्या अंत्यविधीत ते वाजतंच. दोघंही लढाईत नव्हते, पण लढलेल्यांनी गाणी आपली म्हणून उचलली. बऱ्याच सैनिकी गाण्यांच्या नशिबात हे येत नाही, ती २६ जानेवारीला भोंग्यावर वाजण्यातच झिजतात.

गिरणगावकर

कोल्हापूरला या, 'भावा' चालतं की! "काय भावा" म्हटल्यावर सख्खा की चुलत कोणी विचारत नाही. ढणढणच्या खे सान्हवाल्यासाठी 'आपला एक भावा' बसेल.

चिमटा

बसेल, पण मग तो मिसळ खायला गेलेला वाटेल.

घाटावरचा

उशिरा आलो, दिवसभर ऊसतोड चालू होती. मी सातारा जिल्ह्यातला, पलटणीतून निवृत्त. तुम्ही लोक पुस्तकातून काढताय, मी कानावरचे शब्द सांगतो.

एक, 'बडी'. फौजेत जोडी लावून देतात, गस्तीला, चढाईला, झोपायलासुद्धा. त्याची पाठ माझ्याकडे, माझी त्याच्याकडे. पण हा शब्द हुकुमाने मिळतो. शिवाय साहेबांच्या सहायकालाही 'बडी' म्हणतात, त्यामुळे त्याला थोडा हुद्द्याचा वास येतो.

दोन, 'गाववाला'. पंजाबी आणि डोगरा जवान 'गराईं' म्हणतात. गाववाला म्हणजे एकाच गावचा असं नाही. घरापासून दोन हजार किलोमीटरवर असलं की सांगलीवालाही आमचा गाववाला.

तीन, 'बॅचवाला'. एकत्र भरती झालेला, बेळगावात एकाच मैदानावर घाम गाळलेला. सुट्टीवर त्याच्या घरी न विचारता जाता येतं. अफसर लोकांत याला 'कोर्समेट'.

आणि चिमटासाहेबांनी भाकरीचं सांगितलं ते पटलं. आमच्याकडे जवानांच्या स्वयंपाकघराला 'लंगर' म्हणतात, मग पलटण मराठ्यांची असो की मद्राशांची. शब्द गुरुद्वारातला. मगात चहा, ताटात डाळ, आणि जो अजून गार्डवरून यायचाय त्याच्या रोट्या दुसऱ्या ताटाखाली झाकून ठेवायच्या. न सांगता जो झाकून ठेवतो तो 'आपला'. आमच्यात असंच म्हणायचे: "तो आपला आहे." एवढंच.

वाकळ

काका, 'आपला' हा शब्द इतके दिवस डोळ्यांसमोर असून दिसला नाही. यात आणखी एक गंमत आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आमचा' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपला' म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीच्या 'अवर'मध्ये ही सोय नाही. ते गाणं म्हणणारा मरताना जे म्हणतोय ते 'आपण'मध्येच बसतं, 'आम्ही'त नाही.

चिमटा

पण 'आपला'ला नाम कुठे आहे? 'आपले' म्हटलं तर निवडणुकीचा फलक. "आपला माणूस" तर विचारूच नका.

ढणढण

'जोडीदार'? 'सांगाती'?

वाकळ

'जोडीदार' म्हटलं की वधूवर सूचक मंडळ. 'सांगाती' तुकोबांनी विठ्ठलाला लावला, तिथून तो खाली उतरत नाही. 'साथी' समाजवाद्यांनी नेला, 'कॉम्रेड' कम्युनिस्टांनी. सैनिकाला आपण काही ठेवलंच नाही.

रानभोपळा

सगळ्यांचे आभार. काल रात्री यादी घेऊन वडिलांसमोर बसलो. निकाल असा:

'सहयुध्वा': हसले.
'पगडीभाऊ': "आम्ही हेल्मेट घालायचो."
'खोलीवाला': जरा थांबले, मग "बराकीत चालेल, लढाईत कुठली खोली?"
'बडी': "ते नंतरच्या पोरांचं."
'आपला': मान हलवली. घाटावरचा काकांना रामराम सांगा म्हणाले.

मग मी विचारलं, तुम्ही काय म्हणत होता? तर म्हणाले, "मोर्चातला जोडीदार."

आणि पहिल्यांदाच त्यांनी थोडं सांगितलं. कंपनीत चार पाटील होते. नाव एकच झालं की फौजी नंबराचे शेवटचे दोन आकडे मागे लावायचे, तसा यांचा जोडीदार 'पाटील सत्तेचाळीस'. डिसेंबरची थंडी, खड्डा दोन माणसांचा. एक जागायचा, दुसरा बसल्या बसल्या डोळा लावायचा. बोलायची बंदी, म्हणून झोपणाऱ्याच्या बुटाला दोरी बांधलेली आणि तिचं टोक जागणाऱ्याच्या हातात. काही दिसलं की एक हिसका. उगाच झोप लागत नसेल तर झोपणाराच बूट हलवायचा, म्हणजे वरच्याला कळायचं की मीपण जागाच आहे.

"मग सत्तेचाळीसचं पुढे काय झालं?" म्हटलं. त्यांनी अडकित्ता उचलला आणि म्हणाले, "लाव ते गाणं. ढग गडगडतात ते."

मी लावलं.

घाटावरचा

त्यांना माझाही रामराम. आकड्यांचं अगदी बरोबर आहे. आमच्यात 'जाधव बारा' आणि 'जाधव एकवीस' होते. एकवीसचं खरं नाव मला त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर कळलं.

चिमटा

रा.भो., रसभंग करायचं माझं कामच आहे म्हणून लिहितो. फौजेत 'मोर्चा' म्हणजे खंदक, लढायची जागा. मूळ फारसी, जुन्या मराठीतही तोच अर्थ, बखरींत मोर्चे लावतात ते तेच. 'मोर्चेबंदी'त तो अजून शिल्लक आहे. पण आज 'मोर्चातला जोडीदार' छापलंत तर शंभरातले नव्व्याण्णव वाचक आझाद मैदानाकडे चालायला लागतील.

गिरणगावकर

म्हणजे फिरून परत कॉम्रेडवरच आलो की!

रानभोपळा

आलो खरे. तरीही मी 'मोर्चातला जोडीदार'च लिहून ठेवलंय. चिमटा, तळटीप तुम्ही द्या.